गुरूची गच्छंती

हॉकी म्हटली कीं आम्हां भारतीयांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान व ध्यानचंदांची काठी उभी राहते. या खेळाचा एक भाऊबंद बर्फावर, बुटांस लोखंडी पातीं लावून खेळला जातो आणि कॅनडा देशांत त्यास जवळजवळ कुलधर्माचें स्थान आहे, हें आम्हीं वाचलें होतें. प्रत्यक्ष परिचय मात्र पन्नाशी उलटल्यावर झाला. सन २०२३ च्या दिवाळीच्या सुटींत आम्ही एडमंटन शहरीं पुतण्याकडे गेलों होतों. १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस. घरांत तयारीची गडबड चालली असतां पुतण्याचा अकरा वर्षांचा मुलगा धांवत आला व म्हणाला, "आजोबा, वुडक्रॉफ्टला काढलं!"

जे वुडक्रॉफ्ट हे तेथील ऑयलर्स संघाचे प्रशिक्षक. हंगामाच्या पहिल्या तेरा सामन्यांत संघास तीनच विजय मिळाले, सबब त्यांस निरोप मिळाला. सन २०२२ च्या फेब्रुवारींत दुसऱ्या एका प्रशिक्षकाच्या अशाच गच्छंतीनंतर हेच गृहस्थ त्या जागीं बसले होते.

"कोणीं काढलं?" आम्हीं विचारलें.

"मॅक्डेव्हिडनं!" मुलानें निःशंकपणें सांगितलें.

कॉनर मॅक्डेव्हिड हा त्या संघाचा कर्णधार व त्या काळचा सर्वश्रेष्ठ मानला गेलेला खेळाडू. संघाचे मुख्य अधिकारी जेफ जॅक्सन हे पूर्वीं त्याचेच व्यवहार पाहत असत. आणि नवे प्रशिक्षक क्रिस नॉब्लॉक यांच्या हाताखालीं तो लहान वयांत एरी ऑटर्स या संघांत खेळला होता. एवढे धागे हातीं आल्यावर लोकांनीं त्यांचें वस्त्र विणलें नसतें तरच नवल! खेळाडूंचा सल्ला घेतला नव्हता, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. तें खोटें मानण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. आमची शंका निराळी आहे. सल्ला घेण्याची गरज तरी काय होती?

हिशेब पाहावा. नॅशनल हॉकी लीगमध्यें सन २००५ पासून प्रत्येक संघाच्या खेळाडूंच्या एकूण वेतनास मर्यादा आहे. प्रशिक्षकाचें वेतन त्या मर्यादेंत धरीत नाहींत. मॅक्डेव्हिडशीं सन २०१७ मध्यें झालेला करार आठ वर्षांचा व दहा कोटी डॉलरांचा. संघ हरूं लागला तर वीस खेळाडू बदलतां येत नाहींत, दहा कोटींचा खेळाडू बदलवत नाहीं. उरतो तो बाकामागें उभा असलेला एक गृहस्थ.

ही रीत नवी नव्हे. सन १९८८ मध्यें वेन ग्रेट्स्की हा खेळाडू एडमंटनहून लॉस एंजिलिसच्या संघांत गेला, तेव्हां तेथें रॉबी फ्टोरेक हे प्रशिक्षक होते. रागाच्या भरांत काठी आपटल्याबद्दल त्यांनीं खुद्द ग्रेट्स्कीस कांहीं काळ बाकावर बसविलें. त्या हंगामांत संघाची प्रगति झाली, पूर्वविजेत्या एडमंटनचाही त्यानें पराभव केला. तरी सन १९८९ मध्यें फ्टोरेक गेले. पुढें सन २००५ ते २००९ हीं चार वर्षें ग्रेट्स्की स्वतः फिनिक्सच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि एकदांही त्याचा संघ अंतिम स्पर्धेस पात्र ठरला नाहीं. बाकाची मागली बाजू कशी असते, हें त्यास तेव्हां कळलें असावें.

उलट, जो तारा उघड बोलला तोच गेला असेंही घडलें आहे. २ डिसेंबर १९९५ रोजीं माँट्रियलचा गोलरक्षक पॅट्रिक रुआ यास नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकानें मैदानाबाहेर घेतलें नाहीं. बाहेर येतांच त्यानें संघाच्या अध्यक्षांस तेथेंच सांगितलें कीं, हा माझा येथील शेवटचा सामना. चार दिवसांत त्यास कोलोरॅडोस पाठविलें, प्रशिक्षक राहिला. पुढल्या जूनमध्यें कोलोरॅडोनें स्टॅन्ली कप जिंकला. सारांश, ताऱ्याचा राग मोजतां येतो, त्यास उत्तर देतां येतें. त्याच्या मौनाचा अर्थ मात्र भ्यालेलीं माणसें आपल्या सोयीनें लावतात.

हें आम्ही इतक्या खात्रीनें सांगतों, याला कारण आहे. वीस वर्षांपूर्वीं आमच्या विभागांत एक हंगामी अध्यापक होते. तरुण, विद्वान व अत्यंत कडक. त्याच वर्गांत एक मुलगा असा होता कीं, विद्यापीठांत पहिला येऊन तो कॉलेजचें नांव काढणार याविषयीं कोणास संशय नव्हता. दिवाळीनंतर तो या अध्यापकांच्या तासांस दिसेनासा झाला. प्राचार्यांनीं विभागप्रमुख या नात्यानें आम्हांस विचारलें, "तो नाराज आहे काय?" आम्ही म्हणालों, "तसें दिसतें खरें." मुलास आम्हीं विचारलें नाहीं, अध्यापकांसही नाहीं. जूनमध्यें त्यांची नेमणूक पुढें चालू झाली नाहीं. मुलगा पहिला आला. "आपला निर्णय योग्य ठरला," असें प्राचार्य म्हणाले, आणि आम्हीं मान डोलाविली.

दहा वर्षांनीं तो मुलगा आम्हांस पुणें स्टेशनावर भेटला. पायां पडून त्यानें पहिला प्रश्न केला, "ते सर हल्लीं कुठं असतात? त्यांनीं माझा एक निबंध तीनदां परत केला होता. नीट लिहून झाल्याशिवाय त्यांना तोंड दाखवायचं नाहीं, म्हणून मी त्यांच्या तासाला वाचनालयांत बसून लिहीत असे. निबंध झाला, तोंवर सर गेले होते." आम्हीं सांगितलें कीं, त्यांची मुदत संपली होती. गाडी आली, हें आमचें नशीब.

एडमंटनचा संघ नव्या प्रशिक्षकाखालीं लागोपाठ सोळा सामने जिंकला व जून २०२४ मध्यें अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोंचला. मग वुडक्रॉफ्टांची चौकशी कोण करणार? यश मिळालें कीं अन्यायाचें दप्तर बंद होतें. आमच्या कॉलेजांतही तें असेंच बंद झालें.

त्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं पणत्या लावतांना आम्हीं मुलास विचारलें, "मॅक्डेव्हिड तसं म्हणाल्याचं तूं ऐकलंस का?" तो थोडा थांबला व म्हणाला, "नाहीं. पण त्याला तसंच वाटत असणार!" आम्हीं त्यास कांहीं म्हटलें नाहीं. त्याचें वय अकरा होतें. आमचें तेव्हां पस्तिशीच्या घरांत होतें.

परत आल्यावर त्या अध्यापकांचा पत्ता शोधून आम्हीं त्यांस सर्व हकीकत लिहिली, निबंधाचीही. उत्तर आलें नाहीं. तें यावें असें आम्हीं कांहीं केलेंही नव्हतें.