एका दमात ओतलेला कॉलम

गेल्या दिवाळीनंतर माझा उजवा हात थरथरू लागला. त्या थरथरीनंच माझ्या कॉलममध्ये, म्हणजे मिसळलेले पदार्थ वेगळे करणाऱ्या भरलेल्या काचेच्या नळीत, शिवण आणली.

शिवण म्हणजे भरताना हात थांबला की बेडमध्ये, नळीत बसलेल्या भुकटीच्या थरात, राहणारी आडवी रेघ. रंगाचा पट्टा तिथवर सरळ उतरतो, मग तिरका होतो. आयुष्यभर मी पूर्ण स्लरी, पाण्यात कालवलेली भुकटी, एका दमात ओतली. काचेच्या नळीच्या तोंडाशी मनगट टेकवायचं नाही, हा माझा अभिमान.

माल साधाच. कारंजा गावच्या जिनिंगमधला झाडलोटीचा कापूस, कॉस्टिकमध्ये उकळून मेण काढलेला, मग आम्लानं भुकटी केलेला. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज. पण भुकटी शेवटी तंतूंच्या तुकड्यांचीच. 1959 साली पोराथ आणि फ्लोडिन या संशोधकांनी डेक्स्ट्रानच्या जेलवर रेणू आकारानुसार वेगळे करून दाखवले. अशा जेलचे गोल मणी समान बसतात. माझे तुकडे आडवेतिडवे अडकतात. त्यात अगदी बारीक कण राहिले की प्रवाह गुदमरतो. पाच-पाच वेळा ढवळून, थांबून, वरचं गढूळ पाणी काढलं तरी शेवटी काही राहतातच. घाईनं दाब दिला तर फुगलेलं सेल्युलोज दबतं, खालचा थेंब थांबतो. कापसाऐवजी सिलिका भरली तर ती तशी दबत नाही. मात्र कॉस्टिकनं धुतली की ती झिजते, कापूस टिकतो. स्टीलच्या बंद नळ्या विकत आणून आलेख वाचणाऱ्या पोरांना बेड कधी दिसतच नाही, याचं मला खरंच दुःख होतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मानोरा गावच्या मुलीनं नळीवर दुसरी नळी जोडली, पूर्ण स्लरी वरच भरली आणि खालची तोटी उघडली. हात लागलाच नाही. जोडनळीची ही पद्धत मला ठाऊक होती. तीस वर्षं मी तिला कच्च्या हाताची सोय म्हणत आलो.

मिठाच्या पाण्यात खाद्यरंगांचे दोन पट्टे सपाट, नाण्यासारखे उतरले.

“परत भर,” मी म्हणालो.

“सर, काही चुकलं का?”

काहीच चुकलं नव्हतं. मला तिच्या बेडमध्ये शिवण पाहायची होती. तिनं निमूटपणे सगळं काढलं, पुन्हा ढवळलं, पुन्हा भरलं. पट्टे पुन्हा सपाट. मी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा भरायला सांगणार होतो.