केलगेरीच्या तळ्याकाठी एक वाढदिवस

धारवाड मागे टाकून गोव्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर केलगेरी लागते. पावसाळी मलनाड येथे संपत येतो आणि पूर्वेकडे काळ्या मातीचे सपाट रान पसरत जाते. मधल्या या पट्ट्यात आंब्याच्या बागा आहेत, पेरूच्या आहेत, आणि एक मोठे तळे आहे. एके काळी याच तळ्याचे पाणी धारवाडकर पीत असत. आता शहराला मलप्रभेचे पाणी येते, आणि तळे बगळ्यांसाठी व संध्याकाळी फिरायला येणाऱ्या पेन्शनरांसाठी उरले आहे.

मराठी वाचकाने हा मुलूख परका मानण्याचे कारण नाही. केलगेरीच्या अलीकडे साधनकेरी आहे. ज्यांची मातृभाषा मराठी होती आणि ज्यांना कन्नड काव्याबद्दल १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले, ते द. रा. बेंद्रे तेथे राहत असत. आपले कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनीही आयुष्याची कितीतरी वर्षे धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात घालवली. मी मात्र तेथे गेलो तो साहित्यासाठी नव्हे, जेवणासाठी. २०२४ च्या ७ एप्रिलला, पास्काच्या पुढच्याच रविवारी, केलगेरीत एका घरी वाढदिवसाचे जेवण होते, आणि ते जेवण स्पॅनिश होते!

वाचक हसतील, म्हणून आधीची हकीकत सांगितली पाहिजे.

ज्या गृहस्थांचा वाढदिवस, त्यांना मी अण्णा म्हणतो. रेल्वेत नोकरी करून ते हुबळीहून निवृत्त झाले. १८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वे या भागात आली, हुबळीला कारखाना उभा राहिला, आणि गोव्याकडची व बेळगाव भागातली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे तिच्यामागोमाग येथे स्थायिक झाली. अण्णांचे आजोबा त्यांपैकीच एक. ते एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर कुजनेर, म्हणजे आचारी होते. साहेब जेवून उठल्यावर बशांत जे उरे ते फडक्यात बांधून रात्री घरी येई, आणि मुले त्याची वाट पाहत जागी असत. अण्णांच्या वडिलांनी ते अन्न खाल्ले होते. म्हणून त्यांनी आपल्या मुलाला बजावले होते की उपाशी राहा, पण दुसऱ्याच्या चुलीपुढे उभा राहू नकोस. अण्णा शिकले, कारकून झाले, थोरल्या मुलाला त्यांनी इंजिनियर केले. आणि धाकटा, ज्याला मी स्वतः प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले होते, तो मुंबईस जाऊन आचारी झाला.

बापलेकांत भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे, असे त्या घरची माउली म्हणे. मुलगा सुट्टीत घरी येई. अण्णा त्याची विचारपूस करीत, त्याला पेढे आणून देत. पण त्याच्या हातचे अन्न त्यांनी सहा वर्षांत चाखले नाही. तो चुलीकडे वळला की अण्णा फिरायला तळ्यावर जात.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, त्या मुलाने धीर केला. वांद्र्याला ज्या स्पॅनिश उपाहारगृहात तो काम करतो, तेथेच वडिलांचा वाढदिवस करावा असे त्याने ठरवले. ७ एप्रिलला त्या वर्षी शुभ शुक्रवार आला. अण्णांनी तेवढेच कारण पुढे केले. मुलाने पास्कानंतरचा दिवस ठरवला, तेव्हा अण्णांचे गुडघे दुखू लागले. शेवटी माउली एकटीच रेल्वेने आली, आणि मी कामासाठी मुंबईत होतो म्हणून मलाही बोलावणे आले. ज्याचा वाढदिवस तो केलगेरीस, आणि आम्ही दोघे वांद्र्यास, असा तो समारंभ.

ती जागा आपल्या खेड्यातील माणसाला बुजवून टाकील अशी होती. दिवे इतके मंद की बशीत काय आहे ते बोटांनी ओळखावे. मी झग्याखाली नेहमीच्या कोल्हापुरी चपला घातल्या होत्या. दारावरच्या तरुणाने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि नम्रपणे आत नेले. स्पेनमध्ये अशा लहान बश्यांना 'तापास' म्हणतात; शब्दाचा मूळ अर्थ 'झाकण'. पहिल्या बशीत चमच्यावर एकेक हिरवे ऑलिव्हचे फळ आले. माउलीने ते तोंडात घातले मात्र, आणि ते फुटून नुसते पाणी झाले! ती दचकली आणि मग लहान मुलीसारखी हसली. ही करामत फेरान आद्रिया या कातालोनियातील आचार्याच्या 'एल् बुली' या भोजनगृहातून जगभर पसरली. ते २०११ साली बंद झाले. समुद्री शेवाळापासून काढलेली एक पूड पाण्यात मिसळतात आणि फळाच्या रसात कॅल्शियम घालून तो रस त्या पाण्यात चमच्याने सोडतात, की त्यावर पातळ कातडे धरते आणि आत रस तसाच राहतो. मला कौतुक वाटले, पण खरे सांगायचे तर फळाचा रस काढून पुन्हा त्याचेच फळ करण्यात एवढे श्रम का घ्यावे, ते कळले नाही. सहा-सात बश्या झाल्यावर माउलीने मला हळूच विचारले, "फादर, जेवण कधी वाढणार ओ?"

मग तिने स्वयंपाकघर पाहण्याचा हट्ट धरला. तेथे तिचा मुलगा विस्तवापुढे उभा होता. त्याच्या मनगटावर पोळल्याचे दोन जुने डाग होते. ते तिने यापूर्वी कधी पाहिले नव्हते, कारण घरी तो बाह्या खाली ओढून बसे. परतीच्या वाटेवर ती फारसे बोलली नाही. एवढेच म्हणाली, "ह्यांनी हे बघायला पाहिजे होतं."

तर, अण्णा वांद्र्याला येत नाहीत म्हणून वांद्रे केलगेरीला आले. मुलाने मुंबईहून दोन हात रुंद आणि चार बोटे खोल अशी एक लोखंडी परात आणली होती. तिचे नाव 'पाएया', आणि तीत शिजणाऱ्या भाताचेही नाव तेच. हा पदार्थ मूळचा बड्या भोजनगृहातला नव्हे. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वालेन्सिया शहराजवळ आल्बुफेरा नावाचे तळे आहे. त्याच्या भोवतीच्या भातखाचरांत राबणारी माणसे दुपारी रानातच संत्र्याच्या लाकडांवर तो शिजवीत. कोंबडी, ससा, घेवडा, जे मिळेल ते त्यात पडे, आणि सारेजण परातीभोवती बसून लाकडी चमच्याने आपापल्या पुढचा भात खात. तांदूळ आणि केशर ही दोन्ही त्या देशात अरबांनी नेली. ज्या मिरचीने भाताला रंग येतो ती कोलंबसाच्या सफरीनंतर अमेरिकेतून आली. आपल्याकडे तीच मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्यास उतरली, म्हणून जुने लोक तिला 'गोवाई मिरची' म्हणत.

मिरचीचा प्रश्न मुलाने फार चांगला सोडवला. स्पेनमध्ये ला व्हेरा खोऱ्यात लाल मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवून तिची पूड करतात; तिची पहिली लागवड मठवासी साधूंनी केली असे परंपरा सांगते. ती पूड येथे कुठून आणणार? पण ब्याडगी गाव १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्यातच होते, आणि सुरकुतलेली ब्याडगी मिरची तिखटापेक्षा रंगासाठीच नावाजलेली आहे. मुलाने ती चुलीवर धुरावली, बी काढले आणि आईच्या खलात कुटली. संत्र्याच्या लाकडांऐवजी बागेतली आंब्याची वाळकी लाकडे घेतली.

अण्णा संध्याकाळच्या मिस्सेनंतर ओसरीवर बसले होते. तळ्यावर जावे तर पाहुणा म्हणून मी शेजारी, आणि न जावे तर समोर अंगणात मुलगा चूल मांडून उभा, अशी त्यांची अडचण झाली होती. मी मनात एक लहानसे प्रवचन जुळवून आणले होते. ७ एप्रिल हा संत फ्रान्सिस झेवियर यांचाही जन्मदिवस. १५०६ साली आताच्या स्पेनच्या नवार्रा प्रांतात ते जन्मले, आणि १५४१ साली लिस्बनहून भारताकडे निघाले तेही आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीच. निघताना राजाच्या एका अमात्याने त्यांना नोकर देऊ केला. पोपचा प्रतिनिधी जहाजावर स्वतःचे कपडे धुतो, स्वतःची हंडी शिजवतो, हे लोकांत शोभायचे नाही, असे त्याचे म्हणणे. असल्या शोभेच्या कल्पनांनीच ख्रिस्तसभेला आजची दशा आणली आहे, अशा आशयाचे उत्तर संतांनी दिले, आणि प्रवासात गव्हर्नरच्या पंक्तीचे अन्न आजाऱ्यांना वाटून टाकले. शिवाय दोनच दिवसांपूर्वीच्या मिस्सेतले शुभवर्तमान होतेच: पुनरुत्थित प्रभू तळ्याच्या काठी कोळशांवर मासळी भाजून शिष्यांची वाट पाहतो. हे सारे मी योग्य वेळी बोलणार होतो.

ती वेळ आली नाही. झाले असे, की परातीत तेल तापले, कोंबडी तांबूस परतली, घेवडा आणि किसलेले टोमॅटो पडले, मिरचीची पूड पडताच क्षणभराने पाणी ओतले गेले, नाहीतर ती करपून कडू होते. मग मुलाने तांदूळ सारखा पसरला आणि हात बांधून मागे सरकला. तांदूळ पडल्यावर हा भात ढवळायचा नसतो. जाळ तेवढा कमीजास्त करायचा. पाच मिनिटे गेली, सात गेली. अण्णांची चुळबुळ वाढली. अखेर त्यांना राहवेना.

"अरे, ढवळ की! खाली लागतंय ते!"

"लागू दे, पप्पा. लागायलाच पाहिजे."

"वास येतोय करपल्याचा!"

"अजून नाही. आपण इथं येऊन वास घ्या."

अण्णा उठले. सहा वर्षांत प्रथमच ते मुलाच्या विस्तवापाशी गेले. दोघे परातीवर वाकून कान देऊन ऐकत होते. पाणी आटले की तळाशी तडतड सुरू होते, तो आवाज ओळखायचा असतो. अण्णांनीच एक लाकूड बाहेर ओढले. मी ओसरीवर गप्प बसलो. माझे प्रवचन त्या धुरात कुठे गेले ते मला कळले नाही.

भात उतरवून थोडा वेळ फडक्याखाली मुरला. मी प्रार्थना म्हटली, ती आखूड म्हटली. मुलाने सर्वांना ताटे वाढली, आणि तळाची तांबूस खरपुडी उलथण्याने सोडवून वडिलांच्या ताटात ठेवली. स्पेनमध्ये तिला 'सोकारात' म्हणतात आणि तिच्यासाठी भांडणे होतात, असे त्याने भीत भीत सांगितले. अण्णांनी तुकडा मोडला. "आजी मला द्यायची ही," ते म्हणाले. "भाताच्या टोपातली. तीच तेवढी आमच्या घरची असायची. बाकीचं साहेबाकडचं." मग ते जेवले. काही न बोलता, मान खाली घालून, दोनदा मागून घेऊन जेवले. माउली वाढण्याच्या निमित्ताने तीन वेळा आत जाऊन आली आणि तिन्ही वेळा काही न आणता परत आली.

जेवण झाल्यावर मुलाने एक गोष्ट सांगितली ती मला आवडली. स्पेनमध्येच जिरोना शहरात तीन भावांचे एक भोजनगृह आहे, १९८६ साली काढलेले. २०१३ आणि २०१५ साली जगातील सर्वोत्कृष्ट म्हणून त्याची निवड झाली. पण त्यांच्या आईवडिलांची जुनी साधी खाणावळ, १९६७ ची, तिथून जवळच आहे. आणि त्या प्रख्यात भोजनगृहाचे आचारी स्वतःच्या जेवणासाठी त्या आईच्या खाणावळीत जात असत. अण्णांनी हे लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "आणि बाप काय करायचा?"

"तोही तिथंच, पप्पा. गिऱ्हाईक बघायचा."

"हं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा अण्णा विहिरीपाशी बसून ती परात राखेने खसाखसा घासत होते, आणि मुलगा धावत येऊन सांगत होता की ती घासायची नसते, तेलाचा हात देऊन ठेवायची असते. "लोखंड मला शिकवू नको, मी रेल्वेत होतो," असे उत्तर मिळाले.

मला बेळगावची बस गाठायची होती. अण्णा फाट्यापर्यंत पोचवायला आले. तळ्याच्या बाजूने वारा येत होता, आंब्यांना कैऱ्या लागल्या होत्या. इकडचे तिकडचे बोलणे झाले, पावसाचे, गुडघ्यांचे. बस लांबून दिसू लागली तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले.

"काय ओ फादर, त्या वांद्र्याच्या हॉटेलात चपला घालून आत सोडतात काय?"

मी म्हणालो, मला सोडले होते.