कोयनेवरचा पारचा पूल

माणहून सकाळी लवकर निघालं, की पहिला दीड-दोन तास पूलच भेटत राहतात. हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्याजवळ मेट्रोचे खांब, पुढे महामार्गावरचे उड्डाणपूल, सारोळ्याला नीरेवरचा पूल. गाडीतून एकाकडेही आपण मान वळवून बघत नाही. सुरूरला महामार्ग सोडला, वाईहून पसरणीचा घाट चढला, पाचगणी-महाबळेश्वर मागे टाकून आंबेनळी घाटाला लागलो. दसरा नुकताच झाला होता. डोंगरांवर गवत पिवळं पडू लागलं होतं, ओढे मात्र अजून वाहते होते.

वाडा कुंभरोशीला बहुतेक गाड्या प्रतापगडाकडे वळतात. मी पार गावचा रस्ता धरला. गड मी पूर्वी पाहिला आहे. या वेळी फक्त पुलासाठी आलो होतो.

पूल आला तो कळलाच नाही. रस्ता सरळ पुढे गेला आणि दोन्ही बाजूंची झाडी अचानक खाली राहिली. एक आजोबा गुरं घेऊन चालले होते. मी उभा राहून कठड्यावरून वाकतोय हे पाहून म्हणाले, "पावनं, वरनं काय दिसतंय? खाली उतरा की."

खाली उतरलो आणि थक्क झालो. काळ्या दगडाच्या भक्कम कमानी कोयनेच्या पात्रात पाय रोवून उभ्या आहेत. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि त्या रेट्यावरच कमान उभी राहते. बांधताना खाली लाकडी सांगाडा लागतो. माथ्याचा दगड बसला की तो काढून घ्यायचा. तो काढताना गवंड्यांनी श्वास रोखला असेल. पुराचं पाणी आणि त्यासोबत वाहत येणारे ओंडके फुटून दोन्हीकडे वाटेला लागावेत, म्हणून प्रवाहाकडच्या बाजूला पायांना धार दिली आहे. लोखंड कुठेही नाही. मी बराच वेळ दगडांवरून हात फिरवत राहिलो.

हा पूल शिवकालीन मानला जातो. 1656 मध्ये महाराजांनी जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला. 1659 मध्ये अफझलखान वाईहून रडतोंडी घाटाने उतरून याच पार परिसरात आला. त्यानंतरची प्रतापगडाची लढाई आपल्याला तोंडपाठ असते. पण जावळीचं मोल ज्या वाटेमुळे होतं, ती वाट कमी जणांना ठाऊक आहे. वाईची बाजारपेठ आणि महाडचं बंदर पारघाटाने जोडलेलं होतं. कोकणातलं मीठ पाठीवर गोणी लादलेल्या बैलांवरून देशावर चढायचं आणि देशावरचा माल त्याच वाटेने उतरायचा.

इंग्लंडच्या डोंगराळ भागात ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेले जुने दगडी पूल लोक जिवापाड जपतात. ते एका घोड्यापुरते अरुंद असतात, आणि दोन्ही अंगांची ओझी अडू नयेत म्हणून त्यांचे कठडे बुटके असतात. आपला पारचा पूल त्यांच्याहून ऐसपैस आहे. ज्या वाटेवर गोणीचे बैल चालले, तिथे आज जीप आणि दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल जाते.

नदीकाठच्या खडकावर बसून मी एकच विचार करत होतो. उन्हाळ्यात कोयना इथे इतकी आटते, की बैल सहज पात्रातून पार जाईल. तांड्यांचा हंगामही पाऊस सरल्यावरचा. मग एवढा खर्च कशासाठी? महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथे उगम पावलेली कोयना पावसाळ्यात या खोऱ्यातून खवळून धावते. माझ्या मते बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच चार महिने होते. गडावर धान्य पोचलं पाहिजे, जासूद अडकता कामा नये, पलीकडच्या वाडीतल्या माणसाचा गावाशी संबंध तुटता कामा नये. राज्य म्हणजे काय, हे मला गडाच्या तटापेक्षा या कमानींखाली जास्त नीट कळलं.

पुढे पार गावात रामवरदायिनीचं दर्शन घेतलं. परतताना पुन्हा नदीत उतरलो, कारण सकाळी एक गोष्ट खटकली होती. दगडांच्या सांध्यांत पिंपळाची रोपं धरली आहेत. आज ती दोन बोटांनी उपटता येतात. मुळं जाड झाली की तीच दगड सारतील, आणि मग दुरुस्ती म्हणून कुणीतरी वरून सिमेंट थापेल. हाताला लागली तेवढी मी काढली; उंचावरची राहिली, त्यांना दोर आणि जाणता माणूस हवा. प्रतापगडावर येणाऱ्या दुर्गप्रेमी मंडळांनी, शाळांच्या सहलींनी पुढच्या वेळी तासभर जास्त ठेवावा. गडावरून पार फार लांब नाही. आधी पात्रात उतरून कमानी बघाव्यात, आणि पावसाळा सरल्यावर हे काम दरवर्षी कोण करणार, ते गावकऱ्यांसोबत बसून ठरवावं.