बाहेरचे दोन

नोंदणीचं रजिस्टर माझ्याकडे आलं तेव्हापासून मंडईच्या दिवसांत माझ्याशी सरळ बोलणारी माणसं कमी होतात. आमचं गाव गोरेगाव तालुक्यातलं, गोंदिया-कोहमारा रस्त्यापासून जरा आत. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडया भरतात, रात्री नाटक उभं राहतं आणि त्याच हंगामात आमच्याकडे कबड्डीचे सामने होतात. धान निघालेल्या बांध्यांपैकी जिच्यात लाखोरी टाकलेली नाही अशी एखादी बांधी मालकाशी गोड बोलून मिळवायची, धसकटं उपटायची, पाणी मारून माती बसवायची, चार कोपऱ्यांना बांबू रोवून हॅलोजन टांगायचे. ही कामं पोरं हौसेने करतात. रजिस्टर मात्र कोणालाच नको असतं, कारण त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक रकाना आहे: गावचा की बाहेरचा.

हा रकाना पूर्वी नव्हता. मग एका हिवाळ्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका लहानशा गावाच्या नावाने संघ आला. गाडीतून उंच, तयारीची पोरं उतरली. काही बालाघाटकडची, काही नागपूरची, बाकीची कुठली ते त्यांनी सांगितलंच नाही. त्या गावचा एकच माणूस सोबत होता आणि तो गाडीचा ड्रायव्हर होता. पहिलं बक्षीस घेऊन मंडळी पहाटे निघून गेली. आमच्या समितीतले एक काका तेव्हा म्हणाले, "गावाचं नाव बनियनवर, अन् गावचा पोट्टा ट्रॅक्टरवर बसून पाहून रायला." पुढच्या बैठकीत नियम झाला की बाहेरचे दोन चालतील, जास्त नाही.

"दोन तरी कायले?" असंही काहीजण म्हणाले. त्यांना वर्गणी देणाऱ्यांनी गप्प केलं. नुसती गावची पोरं खेळली तर त्यांचे आईबाप पाहतील. नामांकित रेडर येणार म्हटलं की चार गावची माणसं शाल पांघरून रात्रभर बसतात. रात्रीच्या नाटकाच्या पत्रकावरही मुंबईच्या कलाकाराचा फोटो मोठा असतोच की. गर्दीसाठी बाहेरचा हवा आणि गावासाठी गावचा हवा. दोनचा आकडा हा त्या दोन हट्टांमधला सौदा होता.

हे सगळं मी आधी एकदा पाहिलं होतं, मोठ्या मैदानावर. गावी परतण्यापूर्वी मी चाकणला नोकरीला होतो. खोलीवर माझ्यासोबत मलप्पुरमचा एक सहकारी राहायचा. फुटबॉल म्हटलं की त्याला जेवण सुचत नसे. त्याच्या नादाने मी बालेवाडीच्या स्टेडियममध्ये एफसी पुणे सिटीचे सामने पाहायला लागलो. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली ती परदेशी नावांच्या जोरावरच. पुण्याकडे फ्रान्सचा त्रेझेगे, दिल्लीकडे इटलीचा देल पिएरो, मुंबईकडे स्वीडनचा युंगबर्ग. सगळ्यांचं उमेदीचं वय उलटून गेलेलं, पण तिकिटं त्यांच्या नावावर विकली जायची. नियम असा होता की अकरांत किमान पाच भारतीय हवेत, म्हणजे सहापर्यंत परदेशी मैदानात. २०१७-१८ पासून परदेशींची मर्यादा पाचवर आली आणि २०२१-२२ पासून चारवर. या चारच्या मागे आशियाई महासंघाच्या क्लब स्पर्धांचा तेव्हाचा नियम होता, तीन परदेशी अधिक एक आशियाई. तिथे तेवढेच परदेशी खेळवता येत, मग घरच्या लीगमध्ये जास्तीची सवय कशाला लावायची, असा हिशेब. पुढे गंमत अशी झाली की त्याच महासंघाने आपल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेतली ही मर्यादा २०२४-२५ पासून काढूनच टाकली.

२०१७-१८ च्या हंगामात पुणे सिटी उपांत्य फेरीपर्यंत पोचला. पुढच्या फळीत ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा अल्फारो. दोघं काय खेळायचे! पण माझा सोबती बघायचा तो आशिक कुरुनियानला, त्याच्या जिल्ह्यातल्या पोराला. डाव्या बाजूने सुटला की हा खुर्चीवर उभा राहायचा. जानेवारी २०१९ मध्ये आशिया चषकात भारताने थायलंडला ४-१ हरवलं, तेव्हा आशिक सुनील छेत्रीच्या जोडीला आघाडीवर होता. त्यानंतर तो बेंगळुरूकडे गेला आणि तिथे त्याला बरेचदा लेफ्ट बॅक म्हणून खेळवलं गेलं. सोबत्याचा फोन आला. "देशासाठी स्ट्रायकर, क्लबसाठी लेफ्ट बॅक," एवढंच बोलून तो थांबला. तोवर मीही मर्यादा म्हणजे फक्त आकडा असं समजत होतो. त्या फोननंतर मी संघाच्या यादीत परदेशी किती हे मोजायचं सोडून ते कुठे उभे आहेत ते पाहायला लागलो. गोल मारणारा परदेशी, त्याच्या पाठीमागून चेंडू पुरवणारा परदेशी, बचावाच्या मधोमध उभा एक धिप्पाड परदेशी. आपली पोरं कडेकडेने.

त्याची फळं राष्ट्रीय संघाला भोगावी लागली. छेत्री जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर देशासाठी ९४ गोल होते. वर्षही उलटलं नाही तोच मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं, वयाच्या चाळिशीत. लीगच्या त्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते. एकाच माणसाची ही थोरवी आहे यात शंका नाही. पण मागे रांगेत कोणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

आमच्या बांधीतही तेच झालं. दोनचा नियम आला आणि संघांनी तो तंतोतंत पाळला. दोन बाहेरचे आणले आणि ते दोघेही रेडर आणले. चढाई करणार ते दोघे, आलटून पालटून. गावच्या पाचांनी साखळी धरायची, कोपरे सांभाळायचे, आणि एखादा बाहेरचा बाद झाला की त्याला जिवंत करण्यासाठी पकडी करत बसायचं. आमच्याच संघात एक पोरगा आहे, शाळेच्या संघातला मुख्य रेडर. त्याचा उजवा पाय लांब जातो, बोनस सहज काढतो. मंडईच्या सामन्यात त्याच्या वाट्याला चढाई यायची ती दोघंही बाहेरचे बाद असतील तेव्हाच, तेही डू ऑर डायची. अशा चढाईत पोरगा पकडला गेला की लोक म्हणायचे, पाहा, म्हणून बाहेरचे लागतात.

कागदोपत्री माझी जी तारांबळ व्हायची ती वेगळीच. बाहेरचा कोण, हे ठरवायचं कसं? मध्य प्रदेशची हद्द इथून लांब नाही. आजोळ इकडे आणि घर तिकडे अशी अर्धी माणसं. एकाचं आधार कार्ड बालाघाट जिल्ह्यातलं, पण तो लहानपणापासून मामाकडे गोरेगावातच वाढलेला. दुसऱ्याचं कार्ड गावचं, पण दहावीनंतर तो नागपूरला गेला तो फक्त मंडईलाच उगवतो. कार्ड पाहिलं तर दुसरा गावचा, डोळ्यांनी पाहिलं तर पहिला.

हा पेच आमचाच आहे असं नाही. पुण्याच्या जुन्या पुणे एफसीकडे इझुमी अराता नावाचा मधल्या फळीतला खेळाडू होता. जपानमध्ये जन्मलेला, आई जपानी, वडील भारतीय. जपानी पासपोर्टवर होता तोवर तो परदेशी. त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. पाय तेच, खेळ तोच, रकाना बदलला. युरोपात तर हे प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या क्लब स्पर्धांत तीन परदेशी आणि तिथेच वाढलेले आणखी दोन, असा नियम होता. बोस्मान नावाच्या बेल्जियमच्या खेळाडूच्या खटल्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल लागला की युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना अशी मर्यादा लावता येणार नाही. इंग्लंडने २०१० मध्ये मग वेगळी वाट काढली. पंचवीस जणांच्या यादीत सतरापेक्षा जास्त बाहेर घडलेले नकोत. 'इथला' म्हणजे वयाच्या एकविशीच्या आत तीन वर्षं इंग्लंड किंवा वेल्सच्या क्लबात नोंदलेला. पासपोर्ट कुठलाही असो. स्पेनचा फाब्रेगास सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये आला, म्हणून तो तिथे घरचा ठरला.

मला हा नियम फार आवडतो. मी तो बैठकीत मांडलाही. जो आपल्या पोरांसोबत सरावाला येतो तो गावचा, कार्ड कुठलंही असो. लोकांनी ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, "सरावाले कोण येते तं लिहिणार कोण?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून हजेरी घ्यायची माझी तयारी नव्हती, त्यामुळे तो ठराव तिथेच राहिला.

दुसरी सूचना मात्र पुढे गेली. दोन बाहेरचे आणा, पण त्यातल्या एकानेच चढाई करायची, दुसरा पकडीपुरता. कोणी म्हणालं, बाहेरचा नुसता पकडीला आणून काय फायदा? उत्तर टीव्हीवर होतं. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने इराणच्या शादलुईवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले, आणि तो मुख्यतः कोपऱ्यावरचा पकडीचा खेळाडू. चढाया करायला आपल्याकडची पोरं होती. कर्णधार अस्लम इनामदार तर नगर जिल्ह्यातला. मार्च २०२४ मध्ये हरियाणाला हरवून तेच जिंकले. बाहेरचा कुठे उभा करायचा याची अक्कल असली तर गावच्याची जागा जात नाही, हे मी तावातावाने सांगितलं. पंचांनी हरकत घेतली की खेळाच्या नियमांत असं काही बसत नाही, सातांपैकी कोणीही चढाई करू शकतो. मग तेच म्हणाले, "पत्रकात छापा, सगळ्या संघांच्या सह्या घ्या, मंग पाहू."

छापलं, सह्या घेतल्या. पहिल्या वर्षी आमचा संघ दुसऱ्याच फेरीत आपटला. शाळेच्या त्या पोराने चढाया पुष्कळ केल्या आणि बऱ्याचदा मधल्या रेषेच्या हातभर अलीकडे पकडला गेला. नामांकित कोपरेवाल्यांसमोर त्याने असं कधी केलंच नव्हतं, मग जमणार कसं? गर्दी थोडी कमी झाली, वर्गणीवाले कुरकुरले. पण दुसऱ्या एका गावच्या रेडरने उपांत्य सामना एकट्याने ओढला. तो भातगिरणीत पोती उचलतो, हे कळल्यावर लोकांनी त्याला दहा-वीसच्या नोटांचा हार घातला.

अंतिम सामन्यात व्हायचं ते झालंच. दोन मिनिटं उरली असताना एका संघाचा पकडीपुरता नोंदलेला बाहेरचा खेळाडू कबड्डी-कबड्डी करत सरळ मधली रेषा ओलांडून गेला आणि दोन गडी मारून परत आला. समोरच्या संघाने हरकतीची फी भरली. पंच माझ्याकडे, मी रजिस्टरकडे. गुण रद्द झाले, फी परत दिली. त्या संघाचा व्यवस्थापक टेबलापाशी आला तेव्हा मला वाटलं आता भांडण. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, पुढच्या साली ह्याले गावच्या रकान्यात टाका. आमच्याच गावात त्याचं लगीन ठरून रायलं."

जावई गावचा की बाहेरचा, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. ठराव अजून नाही.