यातील आरोपी

सकाळी वर्तमानपत्र दारात पडले की आमच्या घरात त्याची रीतसर वाटणी होते. पहिले पान सौ.कडे जाते, कारण तिला राजकारणाची गोडी आहे. खेळाचे पान चिरंजीव पळवतात. मधले, स्थानिक बातम्यांचे पान माझ्या वाट्याला उरते. उरते असे मी म्हणतो खरे, पण मला तेच हवे असते. त्या पानाच्या कोपऱ्यात रोज धाराशिव जिल्ह्यातल्या गुन्ह्यांची जंत्री छापलेली असते. मराठीच्या प्राध्यापकाने सकाळच्या प्रहरी ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी वाचावी, की कुणी कुणाच्या विहिरीवरची मोटार पळवली हे वाचावे, असा प्रश्न सौ. मला अधूनमधून विचारते. मी चहाचा पेला तोंडाला लावतो. तेवढा वेळ उत्तर टळते.

खरे सांगायचे तर मला पहिल्यांदा मोह पडला तो या मजकुराच्या भाषेचा. 'मागील भांडणाची कुरापत काढून, गैरकायद्याची मंडळी जमवून, फिर्यादीस शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी व काठीने मारहाण करून जखमी केले. तसेच जिवे मारण्याची धमकी दिली.' काय ठसकेबाज वाक्य आहे! आणि क्रमही कसा ठरलेला! शिवीगाळ आधी, मग लाथाबुक्क्या, मग काठी आणि धमकी मात्र सर्वांच्या शेवटी. एवढा मार दिल्यावर धमकीची गरज काय उरते, हे मला अद्याप कळलेले नाही. फिर्याद, मुद्देमाल, जामीन, फरार असले फारसी वळणाचे शब्द इथे अजून नांदतात. 'इसम' हा शब्द आपल्या बोलण्यातून केव्हाच उठून गेला. पण पोलीस ठाण्याच्या दप्तरात तो सुखाने राहतो आणि बहुधा 'अज्ञात' असतो.

हळूहळू माझ्या लक्षात आले, की या जंत्रीवरून जिल्ह्याचे पंचांग मांडता येईल. मृगाचा पाऊस पडला, औत शेतात गेले, की सामाईक बांधाची भांडणे सुरू होतात. बांध वीतभर सरकतो आणि दोन घरे कायमची दूर जातात. सोयाबीनची रास झाली, की शेडमधली पोती नाहीशी होतात. रब्बीच्या ज्वारीला पाणी द्यायची वेळ आली, की विहिरीवरच्या मोटारी आणि केबल जातात. नवरात्रात तुळजापूरला आणि चैत्रात येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेत गळ्यातल्या पोती तुटतात आणि खिसे हलके होतात. माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून तांब्याच्या तारांच्या चोरीची एक नवी शाखा निघाली आहे. मोटारसायकलींना मात्र ऋतू नाही. त्या बारमाही जातात.

तशाच बारमाही दोन गोष्टी, दारू आणि मटका. ढोकी असो, बेंबळी असो, मुरूम असो की आंबी, कुठल्या तरी ठाण्याच्या हद्दीत कुणी तरी हातभट्टीची पाच-दहा लिटर दारू बाळगलेला सापडतो, आणि कुणी तरी टपरीच्या आडोशाला कल्याण मटक्याच्या चिठ्ठ्या लिहीत असतो. पहिल्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, दुसऱ्यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. मटक्याचा जन्म मुंबईचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावर तिथे सट्टा लागे, त्यातून तो वाढला. आता ना ते भाव राहिले, ना आमच्याकडे कापूस फारसा राहिला. आकडे तेवढे उरले. 'पोलीस कारवाई' हे शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी एकाच घटनेचे नाव होते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या आणि निजामाची राजवट संपली, ती पोलीस कारवाई. मला हेच शब्द रोज सकाळी दिसतात ते साडेसातशे रुपयांच्या मुद्देमालापुढे.

क्वचित या किरकोळ जंत्रीत अंगावर काटा आणणारी नोंदही येते. २०२५ च्या आरंभी तुळजापुरातले एम.डी. या अंमली पदार्थाचे प्रकरण उघडकीस आले आणि आरोपींच्या यादीत काही पुजाऱ्यांचीही नावे आली, तेव्हा सौ.ने आपले पहिले पान बाजूला ठेवून माझ्या खांद्यावरून वाचले. कोण दोषी, कोण नाही, हे न्यायालय ठरवील. परंतु गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर निकाल त्याच दिवशी लागला होता. या निकालाविषयीच मला आज थोडे बोलायचे आहे, कारण मीही एकदा तो दिला आहे.

शब्द माणसाला किती चिकटतो, हे आमच्या मुलखाइतके क्वचित दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. ती विलायतेत तुफान खपली आणि आपला 'ठग' इंग्रजी कोशात कायमचा जाऊन बसला. हाच टेलर पुढे १८५३ पासून काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. त्याच्या १८६३ सालच्या 'तारा' या कादंबरीत आपले तुळजापूरही येते. ठगांच्या बंदोबस्तातून इंग्रज सरकारच्या मनात एक विचित्र कल्पना मूळ धरून बसली. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार! १८७१ साली तिचा कायदाच झाला. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता. या लोकांनी ठराविक वेळी सरकारदरबारी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत केली होती; त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, कपाळावरचा राहिला. आजही खेड्यात चोरी झाली, की पहिली नजर गावाबाहेरच्या पालांकडेच वळते.

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. १९८७ साली ते प्रसिद्ध झाले, पुढल्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे धनेगाव लातूरजवळचे, म्हणजे १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघेपर्यंत आमच्याच जिल्ह्यातले. शिकवताना मी मुलांना 'उचल' या शब्दाची गंमत सांगतो. ऊसतोडीला जाणारा मजूर मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतो, ती उचल. आणि खिसेकापू करतो तीही उचलच. पहिली उचल घेऊन मजूर तोडीला गेला नाही, की फसवणुकीची फिर्याद होते. म्हणजे गरिबाच्या दोन्ही उचली शेवटी त्याच कोपऱ्यात छापून येतात! मुले हसतात. मग मी गंभीर चेहरा करून सांगतो, की समाज एखाद्यावर शिक्का मारतो तेव्हा त्याची सुटका कठीण असते. हे मी दरवर्षी न चुकता सांगत आलो. २०१७ सालीही सांगितले होते.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. ते एकदा छापून झाले आहे, तेवढे पुरे. गाव जिल्ह्यातलेच, घरची पाच-सहा एकर कोरडवाहू जमीन. त्याला पोलीस व्हायचे होते. आमच्याकडे खेड्यातली निम्मी तरणी मुले पहाटे रस्त्याने पळत असतात, ती याच एका स्वप्नापायी. सोळाशे मीटर धावणे आणि गोळाफेक तो मैदानावर शिकत होता. लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात, म्हणून समास आणि प्रयोग शिकायला माझ्याकडे येत होता. कर्मणी प्रयोग त्याच्या काही केल्या डोक्यात शिरत नसे.

जुलैतल्या एका सकाळी मला ते नाव जंत्रीत दिसले. बांधाचे भांडण, त्याचा चुलता, वडील, चुलतभाऊ आणि शेवटी तो. 'सर्व राहणार' अमुक गाव. कलम ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४. माझ्या मनात काय आले, ते जसेच्या तसे सांगतो. 'अरेरे, असा निघाला होय!' एवढेच आले. बातमीतली तारीख मी पाहिलीसुद्धा नाही.

चार दिवसांनी तो आला. उभाच राहिला.

"सर, भांडण झालं त्या दिवशी दुपारी मी इथंच होतो. तुमच्या तासाला. समोरच्यांनी घरातल्या सगळ्याच गड्यांची नावं दिली. माझं मुद्दाम घातलं, भरतीत खोडा पडावा म्हणून. तुम्ही तेवढं लिहून द्याल का?"

मी त्याला बस म्हटले नाही. हजेरीचे काम कार्यालयाचे, तिथे अर्ज कर, असे सांगितले. वकिलाला विचारून ये, असेही सांगितले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण मध्यमवर्गीय माणसे लहानपणापासून ऐकतो. ती त्या घटकेला माझ्या मदतीला धावून आली. तो "बरं सर" म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा व्याकरण शिकायला आला नाही.

गुन्हा नोंदला म्हणजे तो शाबीत झाला असे नव्हे. ती केवळ एका बाजूची हकीकत असते. अटक झाली म्हणजे शिक्षा झाली असेही नव्हे. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केलेच पाहिजे, असे राज्यघटनेचे बाविसावे कलम सांगते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत कारण नसता, सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले. कायद्याने आरोप आणि दोष यांच्यामध्ये इतक्या पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. मी शिकला-सवरलेला माणूस, त्या सगळ्या एका उडीत ओलांडून गेलो.

खटला पाच वर्षे चालला. दर तारखेला तालुक्याच्या गावी जायचे, पुढची तारीख घेऊन परत यायचे. २०२२ साली सगळे निर्दोष सुटले. तोवर भरतीच्या अर्जामागून येणारी चारित्र्य पडताळणी आणि तिच्यातला तो रकाना यांच्या धास्तीने त्याने पळणेही सोडले होते. निर्दोष सुटल्याची बातमी मी पुष्कळ दिवस शोधली. ती कुठेच आली नाही. अटकेसाठी वर्तमानपत्रात रोजचा कोपरा आहे, सुटकेसाठी नाही. 'यातील आरोपी' छापून येतो. 'यातील निर्दोष' मी आजवर वाचलेला नाही.

त्यानंतर एका सुटीत कपाटातली जुनी हजेरीपत्रके चाळत बसलो. त्या तारखेचे पान सापडले. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात 'ह' लिहिलेला आहे. तो हजर होता. गावाबाहेरच्या माणसांना सक्तीने हजेरी द्यायला लावणाऱ्या कायद्यावर मी वर्गात तासभर बोललो होतो. आणि एका मुलाने आपण होऊन मागितलेली एका दिवसाची हजेरी मला देता आली नव्हती.

परवा पहाटे फिरायला गेलो असता तो मैदानावर दिसला. दूध संकलनाचे काम करतो, आणि पहाटे गावाकडच्या आठ-दहा पोरांना पळवतो. हातात शिट्टी होती. मला पाहून त्याने पूर्वीसारखाच वाकून नमस्कार केला. मी म्हटले, "त्या वेळी मी लिहून द्यायला हवं होतं." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हवं होतं, सर." एवढेच बोलला. जाऊ द्या, झाले गेले, असे काही म्हणाला नाही. आणि त्याने तसे म्हणावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता. मग त्याने शिट्टी वाजवली आणि पोरे धावू लागली. निरोप घेताना म्हणाला, "या पोरांना समास सांगाल का? रविवारी घेऊन येतो."

आता दर रविवारी आमच्या ओसरीवर व्याकरणाचा वर्ग भरतो.

१ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन नवी न्यायसंहिता आली. चोरीचे ३७९ जाऊन ३०३ आले, फसवणुकीचे ४२० जाऊन ३१८ आले. पण लोक अजून लबाडाला चारशेवीसच म्हणतात. कायदा बदलला तरी जिभेला सवय सोडवत नाही. परवा चिरंजीवांनी कधी नव्हे ते माझे पान उचलले आणि मोठ्याने वाचले, "बाबा, हे बघा, आपल्या बाजूच्या गल्लीतला चोर पकडला!"

"चोर असं लिहिलंय का?" मी विचारले.

त्याने पुन्हा पाहिले. "नाही. संशयित आरोपी."

"मग जेवढं लिहिलंय, तेवढंच वाच."

सौ.ने आपल्या पानाआडून माझ्याकडे पाहिले, आणि चहाचा दुसरा पेला न मागता माझ्यापुढे ठेवला.