तासाचा नाद

कोथरूडमधील आमच्या घराची गल्ली फार अरुंद आहे. एके सायंकाळी माझा मुलगा आपली मोटार मागे घेत होता. नातू व मी आत बसलो होतो. भिंत जवळ येऊ लागली, तशी गाडीतील टिक्‌टिक् जलद झाली.

"आजोबा, गाडीला मागचे दिसते कसे?" नातवाने विचारले.

"दिसत नाही, बाळ. तिला ऐकू येते!" मी म्हणालो.

मुलांनो, अशा गाडीच्या पाठीमागे नाण्याएवढ्या वाटोळ्या टिकल्या बसवलेल्या असतात. प्रत्येक टिकलीच्या आत एका विशिष्ट पदार्थाची पातळ चकती असते. विजेचा झटका मिळाला, की ती सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा थरथरते. आपल्या कानांची धाव २०,००० कंपनांपर्यंतच. म्हणून तिचा स्वर आपल्याला ऐकू येत नाही. तो स्वर भिंतीवर आपटून परत येतो आणि त्याच चकतीला हलवतो. चकती हलली, की तिच्यात किंचित वीज उत्पन्न होते. जाऊन येण्यास किती वेळ लागला, यावरून अंतर कळते. दाबामुळे काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे फ्रान्समधील पिएर व जाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. आणि विजेमुळे स्फटिकाचा आकार बदलतो, हेही त्यांनी पुढल्याच वर्षी सिद्ध केले. एकच चकती मुखही होते आणि कानही होते, ते यामुळेच.

"म्हणजे अगदी जवळचे तिला सर्वांत चांगले ऐकू येत असेल!" नातू म्हणाला.

मी त्याला घरात नेले. निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला आपला जुना पितळी तास भेट दिला होता. तो आमच्या व्हरांड्यात टांगलेला आहे. मी त्यावर टोला दिला आणि नाद घुमत असतानाच हळूच काही पुटपुटलो. नातवाला शब्द कळला नाही. मग मी पुन्हा टोला दिला, लगेच तासावर तळहात ठेवला आणि तोच शब्द पुटपुटलो. या वेळी त्याला तो स्पष्ट ऐकू आला.

चकतीचेही असेच असते. झटका थांबला, तरी तिची थरथर लगेच थांबत नाही. समजा, ती सेकंदाचा हजारावा भाग टिकली. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १७ सेंटिमीटरच्या आतील वस्तूचा प्रतिध्वनी परत येतो, तेव्हा चकती स्वतःच्याच स्वरात गुंग असते. दूरची भिंत तिला कळते, जवळची कळत नाही! म्हणून कारागीर चकतीच्या पाठीशी कंपने शोषून घेणारा मऊ पदार्थ बसवतात. तासावरचा तळहातच तो!

हे सांगता सांगता मला एक विद्यार्थी आठवला आणि मी गप्प झालो. तो रोज उशिरा येई आणि मी रोज सर्वांसमक्ष त्याची खरडपट्टी काढी. आरंभी तो काही सांगू पाही. पण माझे बोलणे संपलेले नसे. पुढे त्याने तोंड उघडणेच सोडले. एकदा पहाटे फिरायला गेलो असता, कर्वे पुतळ्याजवळच्या पदपथावर तो वर्तमानपत्रांच्या घड्या घालताना दिसला. मला पाहून त्याने मान खाली घातली. त्या दिवशी माझ्यापाशी शब्दच नव्हते. मी नुसता उभा राहिलो. थोड्या वेळाने तोच बोलू लागला. वडील अंथरुणाला खिळले होते. घरोघर अंक टाकून झाल्यावर तो धावत शाळेत येत असे.

तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहत होता आणि इतके दिवस मला त्याचे काहीच ऐकू आले नव्हते!

आजही कोणी लहान मूल काही सांगायला आले आणि माझी जीभ वळवळू लागली, की मला तो पितळी तास आठवतो. मग मी मनातल्या मनात त्यावर तळहात ठेवतो.