गाळाची तारीख

टिळकवाडी, बेळगाव

चि. छकुली हिस,


तुझा वास्कोहून फोन आला तेव्हा घर भरलेलं होतं, त्यामुळे मनासारखं बोलता आलं नाही. अंटार्क्टिकाच्या उन्हाळी मोहिमेत तुझं नाव लागलं हे ऐकून तुझ्या आईला काय बोलावं ते सुचेना. मामाला मात्र लगेच सुचलं. "एवढ्या लांब जाऊन गाळच आणायचा, तर आमच्या राकसकोपचा काय वाईट आहे गं?" सगळे हसले, मीही हसले. पण जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला असला प्रश्न हसून सोडता येत नाही. म्हणून हे पत्र. ते उघडंच ठेवते आहे. ज्या ज्या घरातून अशा पोरी निघतात, त्या त्या घरात एकेक मामा असतोच.

मामाला पहिलं उत्तर असं, की राकसकोपचा गाळ वाईट नाही, पण तो धरणाएवढाच तरुण आहे. आणि धरणाहून जुनी जी तळी आपल्या भागात आहेत, त्यांचा गाळ आपण जागेवर राहू कुठे देतो? उन्हाळ्यात तळं आटलं की ट्रॅक्टर लागतात. रानात तळ्याचा गाळ टाकायची रीत जुनी आहे. पलीकडे महाराष्ट्र सरकारने तर २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजनाच काढली. त्यात चूक काहीच नाही, शेतकऱ्याचं रान आधी. फक्त एवढं खरं, की थरावर थर बसून जी नोंद तयार झालेली असते ती त्या ट्रॉलीत भरून जाते. उरलासुरला क्रम म्हशी आणि गौरी-गणपती मोडतात. तू जिथे निघालीस तिथे म्हशी नाहीत. तळ्याच्या बुडाशी बसलेलं हजारो वर्षांत कुणी ढवळलेलं नाही.

मैत्री केंद्र ज्या खडकाळ पट्ट्यावर आहे, ते शिरमाखर ओअॅसिस, मला वाटतं तू आता नकाशा न बघताही काढशील. दक्षिणेला खंडाचं बर्फ, उत्तरेला समुद्रावर तरंगणारं बर्फ, आणि मध्ये पस्तीसेक चौरस किलोमीटरचा उघडा दगड. त्या एवढ्याशा जागेत शंभराहून अधिक तळी! वर्षातला बहुतेक काळ गोठलेली, जानेवारी-फेब्रुवारीत थोडी मोकळी होणारी. आपली माणसं पहिल्यांदा त्या खंडावर उतरली ती जानेवारी १९८२ मध्ये, डॉ. एस. झेड. कासीम यांच्या मोहिमेत. पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री बर्फावर बांधलं होतं. ते काही वर्षांतच बर्फात गाडलं गेलं, आणि १९८९ पासून मैत्री. तिला पिण्याचं पाणी मिळतं तेही एका तळ्यातून, प्रियदर्शिनी त्याचं नाव.

आता हिशेब बघ. आपल्याकडच्या तिथल्या हवामानाच्या नोंदी या चाळीस-एक वर्षांच्या. एवढ्यावर कुणी म्हणालं की तिथलं हवामान बदललं, तर दुसरा विचारणारच, कशाच्या मानाने बदललं? त्या प्रश्नाला दाखवायला बर्फाचे गाभे आहेत, ते फार मोलाचे आहेत, पण ते पडलेल्या हिमाची आणि हवेची गोष्ट सांगतात. जिथे पाणी मोकळं होतं, शेवाळ धरतं, दगड झिजून माती होते, त्या जागेची गोष्ट तळ्यातच सापडते.

आणि ती किती सावकाश लिहिली जाते! आपली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली, गांधीजी अध्यक्ष होते ते. तिची शंभरी होऊन गेली. तेवढ्या काळात शिरमाखरच्या काही तळ्यांत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर गाळ बसतो. म्हणजे तू बर्फाला भोक पाडून नळी खाली सोडशील, हातभर गाळ वर येईल, आणि तो हातभर म्हणजे पार हिमयुगापर्यंत. प्रयोगशाळेत तुम्ही त्याच्या अर्ध्या किंवा एक सेंटिमीटरच्या चकत्या करता. एका चकतीत शिवाजी महाराजांपासून आजपर्यंतचा सगळा काळ मावावा. त्यामुळे कुणी म्हणालं की अमुक थर म्हणजे अमुक साल, तर तू ताबडतोब सावध हो.

मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत रस कशात असेल तर तो तारखेत. चकतीत काय आहे हे कळतं. वाळू किती, सेंद्रिय अंश किती, डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचाचे सूक्ष्म शेवाळजीव, कोणत्या जातीचे, हे सूक्ष्मदर्शकातून आणि भट्टीतून निघतं. पण ते कधीचं? वरच्या दीडशे वर्षांपर्यंत शिसं-२१० चालतं, बावीस वर्षांत निम्मं होणारं. १९५०-६० च्या अणुचाचण्यांतून उडालेलं सिझियम कुठल्या थरात आहे तेही बघता येतं. त्याच्या खाली मात्र कार्बन-१४ शिवाय गती नाही, आणि अंटार्क्टिकात नेमका तोच दगा देतो. तिथे झाड नाही, की गळून पडलेलं पान नाही, बी नाही. तारीख काढायची ती तळाशी वाढणाऱ्या शेवाळावरून. त्या शेवाळाने कार्बन घेतला तो वितळलेल्या जुन्या बर्फाच्या पाण्यातून. त्या बर्फात कोंडलेली हवा हजारो वर्षांपूर्वीची. वर तळ्याला बर्फाचं झाकण, ताजी हवा पाण्यात मिसळायला वाव नाही. मग आज जिवंत असलेलं शेवाळ यंत्रात घातलं तरी यंत्र म्हणतं, हे काही शतकांपूर्वी मेलं, कधी हजार-दोन हजार वर्षांपूर्वी. घड्याळ चुकतं हे एक वेळ चालेल, पण ते किती चुकतं हेही तळ्यागणिक वेगळं.

यावर तुमचा उपाय मला ठाऊक आहे. अगदी वरच्या थराचं वय काढायचं आणि तेवढं सगळ्यांतून वजा करायचं. व्यवहाराला ठीक आहे. पण आज जेवढी चूक आहे तेवढीच दहा हजार वर्षांपूर्वीही होती हे कशावरून? तेव्हा हिमनदी तळ्याला टेकलेली असेल, तर जुनं पाणी जास्त येत असणार. म्हणून तुझ्या लेखात तारखेपुढचं ते अधिक-उणे मला ठळक दिसलं पाहिजे. ते झाकून काढलेली सुबक वळणदार रेघ मला दाखवू नकोस.

हे मी उगीच म्हणत नाही. शिरमाखरमधल्या सँडी लेक नावाच्या तळ्याच्या गाळावर वास्कोतल्या तुझ्याच संस्थेच्या आणि मंगळूर विद्यापीठाच्या लोकांनी काम केलं. (मंगळूर आपल्याच राज्यातलं. सीमाप्रश्नावर मामा काय म्हणतो ते बाजूला ठेव, कौतुक करायचं तिथे करायचं.) त्यांनी गाळाचे चुंबकीय गुण मोजले. खडकांच्या चुऱ्यातून आलेले लोहाचे कण किती आणि बारीक की भरड, यावरून वितळलेल्या पाण्याबरोबर कधी किती माती वाहून आली याचा माग लागतो. पद्धत साधी, नमुना खराब होत नाही, खर्च बेताचा. मला फार आवडली. ती नोंद मागे जाते चाळीस हजार वर्षांच्या पलीकडे. ही तारीख धरली, तर शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यातही ते तळं बर्फाने खरवडून नेलेलं नव्हतं. केवढं मोठं विधान झालं हे! आणि ते उभं आहे कशावर, तर त्या दगाबाज कार्बनवर. म्हणून म्हणते, तारीख सांभाळ.

भारती केंद्राजवळ लार्समन टेकड्यांत जाणं झालं तर तिथली किनाऱ्यालगतची तळी नीट बघ. २०१२ मध्ये ते केंद्र सुरू झालं. तिथल्या काही तळ्यांच्या गाळात खाली खाऱ्या पाण्याचे डायटम मिळतात आणि वर गोड्या पाण्याचे. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन सावकाश वर उचलली गेली, समुद्राची खाच तुटून निराळी पडली, तिचं तळं झालं. खारं संपून गोडं सुरू झालं त्या थराची तारीख आणि त्या जागेची आजची उंची, एवढ्या दोन गोष्टी मिळाल्या की समुद्राच्या मानाने जमीन किती वेगाने वर आली ते काढता येतं. आता मामाला हे सांग. अंटार्क्टिकाचं बर्फ दर वर्षी किती घटतं हे उपग्रह गुरुत्वाकर्षणावरून मोजतात. पण बर्फ घटत असताना खालून जमीनही उचलली जात असते, तिचा वाटा वेगळा काढल्याशिवाय बर्फाचा आकडा खरा येत नाही. तो वाटा ठरवायला असला गाळ लागतो. गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी किती चढेल या हिशेबात लार्समनचा चिखल आहे, असं थेट म्हणालीस तरी चालेल.

पण उत्तरं आधी ठरवून जाऊ नकोस. पेंग्विनची गोष्ट मी याच कारणासाठी वर्गात सांगायची. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ आर्डली नावाचं बेट आहे, जेंटू पेंग्विनची मोठी वसाहत. त्यांची विष्ठा वाहून तळ्यात जाते आणि तिच्यातली मूलद्रव्यं थरांत राहतात. थरात ती भरपूर असली की पक्षी भरपूर. या युक्तीने पेंग्विनची जुनी शिरगणती होऊ शकते हे चिनी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं. पुढे दुसऱ्या एका गटाने आर्डलीची सात हजार वर्षांची नोंद लावली, २०१७ मध्ये ती छापून आली. कुणालाही वाटेल की थंडी वाढली की पेंग्विन घटले, उबेत वाढले, असा काही मेळ बसेल. तसा साधा मेळ बसला नाही. निदान तीन वेळा वसाहत जवळजवळ संपली ती डिसेप्शन बेटावरच्या ज्वालामुखीची राख पडून. ती राख त्याच गाळात थर होऊन बसलेली होती. पक्षी परत नांदायला लागायला काही शतकं गेली. तापमानाचा आलेख डोक्यात ठेवून कुणी गाळ वाचला असता, तर राखेचा थर बोटाखालून निसटला असता.

उत्तर ध्रुवाकडची एक गोष्ट सांगते, आणि मग लोणारची. सैबेरियाच्या पार ईशान्य टोकाला, चुकोटकात, एल्गिगितगिन नावाचं सरोवर आहे. नाव उच्चारायला मला चार दिवस दे. छत्तीस लाख वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या खड्ड्यात ते साठलं, आणि त्याच्यावरून हिमनदी कधी फिरली नाही, त्यामुळे गाळ सलग राहिला. २००९ मध्ये गोठलेल्या सरोवरावर छिद्रयंत्र उभं करून तीनशे अठरा मीटर गाळ काढला. त्यात परागकण सापडले ते आज तिथे न उगवणाऱ्या झाडांचे. साडेतीन लाख नव्हे गं, पस्तीस लाख वर्षांपूर्वी तिथले उन्हाळे आजच्यापेक्षा सुमारे आठ अंशांनी उबदार होते. तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत चारशेच्या आसपास होता असा अंदाज आहे. आज तो चारशेवीसच्या वर गेलेला आहे.

असाच उल्केचा खड्डा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार. तिथला दहाएक मीटर गाळ भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तपासला, अकरा हजार वर्षांचा. त्यात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक दोन टप्प्यांत मिळाले. पाणी आटून फार खारं झालं तरच ते बनतात. पहिला टप्पा सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे पाऊस पिढ्यान्‌पिढ्या कमी पडलेला काळ. यादवांच्या राज्यात पावसाची नोंद कुणी ठेवली नव्हती, लोणारने ठेवली. मामाला हे उदाहरण सगळ्यात आधी दे, कारण ध्रुव म्हटलं की त्याचं लक्ष उडतं. ध्रुवावर वापरतात तेच हत्यार आपल्या पावसावर चालतं.

घाई कशाची, असंही तो विचारेल. कॅनडाच्या एल्समियर बेटावरच्या उथळ तळ्यांत डायटमच्या जाती हजारो वर्षं फारशा हलल्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकापासून त्या झपाट्याने बदलल्या, हे १९९४ मध्ये छापून आलं. तेच शास्त्रज्ञ २००६ च्या उन्हाळ्यात परत गेले, तेव्हा त्यातली काही तळी कोरडी पडलेली होती. तिथे म्हशी नव्हत्या, ट्रॅक्टरही नव्हता.

आता जरा मावशीच्या सूचना. औलीला सरावासाठी पाठवतील तेव्हा गुडघ्याची जुनी तक्रार लपवू नकोस. बूट निघण्याआधी ब्रशने घासून धुवायचे, तळव्याच्या खाचेत आपली तांबडी माती आणि गवताचं बी राहता कामा नये. तिथे बाहेरची माती नेऊ नये असा करारच आहे, आणि २०२२ पासून आपला स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही झालाय, परवान्याशिवाय तिथे मोहीम जात नाही. कुंदा मात्र न्यायला हरकत नसावी, डबा हवाबंद घे. लोंढ्यावरून गाडीने येणार की चोर्ल्यातून, ते आधी कळव. पावसाळा संपेपर्यंत घाटाचा भरवसा धरू नकोस.

आणि परत आलीस की आमच्या शाळेत एक तास घ्यायचा आहे, मी मुख्याध्यापिकांना शब्द देऊन बसले आहे. पेंग्विनचे फोटो मुलांनी मोबाइलवर पाहिलेलेच असतात, ते दोन-चार पुरेत. फळा मोठा आहे. त्यावर एका तळ्याची खरी आकडेवारी मांड. यंत्राने सांगितलेलं वय, वरच्या थराची चूक, वजाबाकी, आणि ती वजाबाकी कुठे फसू शकते. नववीच्या मुलींना जमतं ते, मी शिकवलंय. मामालाही मागच्या बाकावर बसवीन.

तुझी,
मावशी